जेहानचा तिसरा अटेम्प्ट

२०२२ च्या मार्चमध्ये एका रविवारी रात्री अर्ध्या पुण्याच्या स्टेटसवर लाल गाड्या होत्या. बहारीनमध्ये फॉर्म्युला वनचा नवा हंगाम सुरू झाला, शार्ल लक्लेर आणि कार्लोस साइन्झ यांनी फेरारीला पहिला-दुसरा नंबर मिळवून दिला आणि रेड बुलच्या दोन्ही गाड्या अगदी शेवटाला येऊन बंद पडल्या. 'ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह'चा चौथा सीझन ११ मार्चला आला, तेव्हापासून आपल्या कॉलेजांत एफ-वनचे जाणकार भूछत्रांसारखे उगवलेत. डिसेंबर २०२१ मध्ये अबू धाबीच्या शेवटच्या लॅपला व्हर्स्टापेनने हॅमिल्टनला मागे टाकलं ते नियमात बसतं की नाही, यावर टिळक रोडच्या टपरीवर आजही दोन तट पडतात. चांगलंच आहे. सदाशिव पेठेला वादासाठी विषय लागतोच.

मात्र त्याच ट्रॅकवर आदल्या दिवशी, शनिवारी १९ मार्चला, आणखी एक रेस झाली. तिच्या पोडियमवर दुसऱ्या पायरीवर मुंबईचा एक मुलगा उभा होता. जेहान दारूवाला, तेव्हा वय २३. रेस होती फॉर्म्युला टूच्या हंगामाची पहिली. ही बातमी आपल्यापैकी बहुतेकांपर्यंत पोचलीच नाही, आणि ज्यांच्यापर्यंत पोचली त्यांनी 'वा, इंडियन दुसरा आला' म्हणून हार्ट टाकून पुढे स्क्रोल केलं. त्या दुसऱ्या नंबरची खरी किंमत किती, हा प्रश्न मात्र थोडा थांबून बघण्यासारखा आहे. कारण २०२२ हे जेहानचं एफ-टूमधलं तिसरं वर्ष होतं, आणि या खेळात चौथं वर्ष सहसा कुणी कौतुकाने बघत नाही.

ज्यांना एफ-टू म्हणजे नेमकं काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी उजळणी. एकाच माणसाला बसायला जागा आणि चाकं उघडी, अशा गाड्यांच्या रेसिंगची एक शिडी असते. लहानपणी कार्टिंग, पंधराव्या वर्षापासून एफ-फोर, मग रीजनल, मग एफ-थ्री, मग एफ-टू आणि वर एफ-वन. एफ-टू ही शेवटून दुसरी पायरी. ११ टीम, २२ गाड्या. सगळ्यांची चॅसी इटलीच्या दलाराची, सगळ्यांचं इंजिन मेकाक्रोमचं, टायर पिरेलीचे. ताकद साधारण ६२० हॉर्सपॉवर, म्हणजे सोसायटीत लावलेल्या हॅचबॅकच्या सात-आठ पट. पॉवर स्टीअरिंग नाही. गाडी सगळ्यांना सारखीच, त्यामुळे 'माझी गाडीच वाईट होती' हे एफ-वनमध्ये चालणारं कारण इथे फारसं चालत नाही. म्हणूनच एफ-वनचे टीम मालक इथे नजर ठेवून असतात.

आणि वेळ? तोच तर मुद्दा आहे. क्रिकेटपटू नेटमध्ये दिवसभर घाम गाळू शकतो. एफ-टूच्या ड्रायव्हरला मार्चच्या सुरुवातीला तीन दिवसांची टेस्ट मिळाली. त्यानंतर शुक्रवारी, म्हणजे आपण इकडे धुळवडीचा रंग घासत होतो तेव्हा, ४५ मिनिटांची प्रॅक्टिस आणि मग ३० मिनिटांची क्वालिफाइंग. बास. या अर्ध्या तासात टायर जेमतेम दोन-तीन लॅप त्यांच्या सर्वोत्तम स्थितीत असतात. त्या लॅपमध्ये कुणी समोर आडवं आलं, एका वळणावर चाक घसरलं, तर वीकेंडची अर्धी गोष्ट तिथेच संपते. बहारीनचा ट्रॅक वाळवंटात आहे आणि त्याचं डांबर खरखरीत आहे, टायर खाण्यासाठी तो प्रसिद्ध आहे. तिथे वेगात जाण्याइतकंच टायर पुरवून वापरणं महत्त्वाचं.

२०२२ मध्ये वीकेंडला दोनच रेस होत्या. २०२१ मध्ये तीन होत्या. शनिवारी स्प्रिंट, साधारण पाऊण तासाची. रविवारी फीचर, तासाभराची, त्यात टायर बदलायला पिटमध्ये थांबणं सक्तीचं. आणि इथे एक गंमत आहे जी कळल्याशिवाय जेहानचा दुसरा नंबर कळत नाही. फीचर रेसमध्ये गाड्या क्वालिफाइंगच्या क्रमाने उभ्या राहतात. स्प्रिंटमध्ये पहिल्या दहांचा क्रम उलटा करतात. म्हणजे शुक्रवारी जो दहावा आला तो शनिवारी सर्वांत पुढे, आणि ज्याने पोल मारली तो दहाव्या जागेवर. शुक्रवारची पोल ऑस्ट्रेलियाच्या जॅक डूहानची होती. (हो, तोच, मोटरसायकल रेसिंगमध्ये पाच वेळा जग जिंकलेल्या मिक डूहानचा मुलगा.) तो शनिवारच्या पोडियमवर कुठेच नव्हता. रिचर्ड व्हर्शूर पहिला, जेहान दुसरा, लियाम लॉसन तिसरा.

आता गुण बघा. स्प्रिंट जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला ८. फीचर जिंकणाऱ्याला २५, दुसऱ्याला १८. पोलचे वेगळे २. फीचर रेस तेओ पूर्शेरने जिंकली, मागोमाग लॉसन आणि युरी विप्स. पूर्शेर तेव्हा १८ वर्षांचा होता, लॉसन २०. म्हणजे शनिवारी जेहानच्या मागे राहिलेल्या लॉसनने रविवारी जेहानच्या दुपटीहून जास्त गुण एका फटक्यात उचलले.

जेहानच्या बाबतीत हे पहिल्यांदा घडलेलं नाही. २०२१ चा हंगामही बहारीनलाच सुरू झाला होता. तेव्हाही पहिल्याच स्प्रिंटमध्ये जेहान दुसरा होता, त्याच्या पुढे लॉसन. वर्ष संपलं तेव्हा जेहान सातवा होता. त्याचे तोवरचे दोन एफ-टू विजय घ्या: डिसेंबर २०२० मध्ये साखीर, एफ-टू रेस जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला तो दिवस, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मॉन्झा. दोन्ही स्प्रिंट. फीचर रेस त्याने तोवर जिंकलेली नव्हती.

याचा अर्थ तो उगाच पोडियमवर चढतो असा मुळीच नाही. उलट्या ग्रिडमध्ये पुढून सुरुवात मिळाली तरी मागून डझनभर उतावळी पोरं धावून येतात, त्यांना तीसेक मिनिटं मागे ठेवणं आणि टायर वाचवणं हे काम सोपं नाही. जेहान त्यात तरबेज आहे. रेसमध्ये डोकं शांत ठेवणारा अशी त्याची ओळख आहे. प्रश्न शनिवारचा नाही, शुक्रवारचा आहे. त्या अर्ध्या तासातल्या एका लॅपमध्ये तो पहिल्या तिघांत किती वेळा येतो, यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरणार होतं. आमच्या पेठेतल्या भाषेत सांगायचं तर प्रिलिम तो चांगली देतो. मेन्सची मार्कशीट यायची होती.

हे एमपीएससीचं उदाहरण मी उगाच घेतलेलं नाही. सदाशिव पेठेत गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. तिथे टेबलावर डोकं टेकून बसलेल्या कुणालाही विचारा, 'कितवा अटेम्प्ट?' हा प्रश्न किती जड असतो ते तो सांगेल. जागा थोड्या, तयारीत वर्षं जातात, घरच्यांचे पैसे लागलेले असतात आणि वय वाढत असतं. एफ-वनची भरती यापेक्षा निर्दय आहे. २०२२ मध्ये जगात जागा होत्या २०. दहा टीम, प्रत्येकी दोन. त्या वर्षी या २० जागांवर पूर्णपणे नवा असा एकच ड्रायव्हर आला, चीनचा झोऊ ग्वानयू. आख्ख्या जगातून एका जागेची भरती!

आणि कटऑफसुद्धा आहे. एफ-वन चालवायला सुपर लायसन्स लागतं. त्यासाठी वय १८ पूर्ण हवं, नियमांची परीक्षा द्यावी लागते, साधं रस्त्यावर गाडी चालवायचं लायसन्सही हवं (व्हर्स्टापेन १७ व्या वर्षी एफ-वनमध्ये आला तेव्हा त्याच्याकडे ते नव्हतं, त्यानंतर नियम कडक झाले), आणि मुख्य म्हणजे ठरावीक वर्षांत ४० गुण जमवावे लागतात. एफ-टूमध्ये पहिल्या तिघांत आलात तर थेट ४०. चौथ्याला ३०, पाचव्याला २०, सहाव्याला १०. सातव्याला ८. म्हणजे नुसत्या एफ-टूच्या जोरावर सलग तीन वर्षं सातवं येणाऱ्याचे २४ होतात. इतर सीरिजमधून गुण जोडता येतात, आणि ड्रायव्हर ते जोडतातही, पण टीम मालक बेरीज बघत बसत नाही. तो एफ-टूच्या तक्त्यात वरची तीन नावं वाचतो.

ती वाचूनही तो नोकरी देईलच असं नाही. २०२१ चा एफ-टू चॅम्पियन ऑस्कर पियास्त्री. त्याआधीच्या वर्षी तो एफ-थ्रीचा चॅम्पियन होता. दोन्ही किताब पहिल्याच प्रयत्नात. मार्च २०२२ मध्ये वय २१ पूर्णही नव्हतं. २०२२ मध्ये हा पोरगा अल्पीनचा रिझर्व्ह ड्रायव्हर म्हणून हेडफोन लावून गॅरेजमध्ये उभा होता. निवड झाली, नियुक्ती नाही. हे वाक्य ऐकून हसायचं की नाही ते पेठेतल्या अभ्यासिकेत बसणाऱ्यांनी ठरवावं.

मग झोऊला जागा कशी मिळाली? तर झोऊची गोष्ट जेहानने भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. एफ-टूमध्ये पहिल्या वर्षी झोऊ सातवा होता, दुसऱ्या वर्षी सहावा. तिसऱ्या वर्षी, २०२१ मध्ये, तो तिसरा आला आणि अल्फा रोमिओने त्याला घेतलं. बहारीनच्या त्या रविवारी पहिल्याच एफ-वन रेसमध्ये दहावा येऊन त्याने एक गुण मिळवला. त्याच्यामागे चिनी प्रायोजकांचा पैसा आहे, चीनचं मोठं मार्केट आहे, म्हणून त्याला घेतलं, अशी कुजबुज घोषणा झाली त्या दिवसापासून आहे. ती साफ खोटी आहे असं कुणी म्हणत नाही. पण पैसा आणि मार्केट पहिल्या दोन वर्षांतही होतंच की. दार उघडलं ते तो तक्त्यात वर आल्यावर. आपल्याकडेही मार्केट आहे. सव्वाशे कोटींच्या वर माणसं आहेत, नेटफ्लिक्स बघून तयार झालेली तरुण पिढी आहे. एफ-वनला भारतीय ड्रायव्हर नको असेल असं अजिबात नाही. त्यांना कारण हवंय, आणि ते कारण म्हणजे तक्त्यातला वरचा नंबर.

जेहानचं अवघड दुखणं वेगळंच आहे, आणि ते त्याच्या शेजारच्या गाडीत बसतं.

मोटर रेसिंगमध्ये तुमची पहिली तुलना होते ती टीममधल्या जोडीदाराशी. तीच टीम, तेच इंजिनीअर, तोच डेटा. जेहानचे जोडीदार बघा. २०१७ मध्ये युरोपियन एफ-थ्रीत कार्लिन टीममध्ये त्याच्या शेजारी लँडो नॉरिस होता. जेहानने नॉरिसरिंगला रेस जिंकली, नॉरिसने चॅम्पियनशिप. २०१९ मध्ये एफ-थ्रीत प्रेमाकडून जेहान दोन रेस जिंकून एकूण तिसरा आला, जे फार मोठं यश आहे, पण पहिले दोघे त्याच्याच टीमचे: रॉबर्ट श्वार्ट्झमन आणि मार्कस आर्मस्ट्राँग. २०२० मध्ये रेड बुलने जेहानला आपल्या ज्युनिअर टीममध्ये घेतलं आणि तो एफ-टूत आला. शेजारी जपानचा युकी त्सुनोडा, तोही रेड बुलचाच, तोही नवखा. त्सुनोडा तिसरा आला आणि लगेच पुढच्या वर्षी अल्फा टौरीकडून एफ-वनमध्ये गेला. जेहान बारावा होता. २०२१ मध्ये शेजारी डॅन टिकटम, तो चौथा.

हे वाचून कुणाला वाटेल पोरगा कमी पडतो. मला तसं वाटत नाही. ज्यांच्याशी त्याची तुलना होतेय ती त्या-त्या वर्षातली जगातली सर्वांत वेगवान पोरं आहेत, आणि त्यांच्या शेजारी बसायची संधी मिळणं हीच मुळात पात्रता आहे. तरीही टीम मालक असा दयाळू विचार करत नाही. तो शेजारच्या गाडीची वेळ बघतो.

२०२२ मध्ये जेहान प्रेमामध्ये आला. २०२० चा चॅम्पियन मिक शूमाकर प्रेमाचा, २०२१ चा पियास्त्रीही प्रेमाचा. यापेक्षा चांगली टीम तेव्हा या पातळीवर मिळत नव्हती. जोडीदार होता नॉर्वेचा डेनिस हाउगर, २०२१ चा एफ-थ्री चॅम्पियन, रेसच्या दोन दिवस आधी १९ वर्षांचा झालेला, आणि तोही रेड बुलचाच. खरं तर २०२२ च्या एफ-टूत रेड बुलचे पाच ज्युनिअर होते: जेहान, हाउगर, लॉसन, विप्स आणि अयुमू इवासा. पाच जण एकाच दारासमोर रांगेत, आणि रांगेत सर्वांत मोठा जेहान. २३ व्या वर्षी 'सीनिअर' होणं म्हणजे काय हे मला कळतं. मी २२ ची आहे, आणि आमच्या वयात लोकांचं अजून कोणता कोर्स करायचा यावर चाललंय.

बापाचा पैसा, देशाचा झेंडा

आता त्या विषयाकडे येऊ ज्यावर सगळे दबक्या आवाजात बोलतात. एफ-टूच्या एका हंगामाचा खर्च वीस लाख युरोंच्या पुढे जातो, असं या क्षेत्रात सर्रास बोललं जातं. २०२२ च्या दराने हे साधारण १७ कोटी रुपये. एका वर्षाचे. त्याच्या खालच्या प्रत्येक पायरीचे वेगळे.

मार्च २०२२ मध्ये या पैशाचं एक टोक दिसलं. निकिता माझेपिन २०२१ मध्ये हास टीमकडून एफ-वन चालवत होता आणि त्याच्या वडिलांशी संबंधित उरलकाली ही रशियन खत कंपनी टीमची मुख्य प्रायोजक होती. युक्रेनवर हल्ला झाला आणि ५ मार्चला हासने कंपनी आणि ड्रायव्हर, दोघांनाही निरोप दिला. त्याच्या जागी केव्हिन मॅग्नुसनला बोलावलं. फारशी तयारी नसताना आलेला मॅग्नुसन बहारीनमध्ये पाचवा आला. एक सीट पैशावर किती आणि वेगावर किती चालते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

जेहानचे वडील खुर्शेद दारूवाला हे स्टर्लिंग अँड विल्सनचे प्रमुख. घरची परिस्थिती भक्कम, यात लपवण्यासारखं काही नाही आणि त्याचा जेहानला कमीपणाही नाही. पैसा तुम्हाला ग्रिडपर्यंत आणतो, ओव्हरटेक करून देत नाही. पण प्रश्न आपला आहे. ज्या मुलाच्या घरी हे नाही, त्याच्यासाठी या देशात, या राज्यात काय आहे?

२०११ मध्ये फोर्स इंडियाने 'वन फ्रॉम अ बिलियन' नावाची शोधमोहीम घेतली होती. तिच्यातून तीन मुलं निवडली गेली: अर्जुन मैनी, तरुण रेड्डी आणि तेरा वर्षांचा जेहान. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर पहिली इंडियन ग्रां प्री झाली. पहिल्या प्रॅक्टिसला ट्रॅकवर कुत्रा आला आणि सेशन थांबवावं लागलं, हे सगळ्यांना आठवतं. त्यापेक्षा लक्षात ठेवण्यासारखं हे की उत्तर प्रदेश सरकारने या रेसला खेळ न मानता करमणूक मानलं आणि करमणूक कर लावला. २०१३ नंतर रेस भारतात आलीच नाही. फोर्स इंडिया ही टीम त्या नावाने उरली नाही. नारायण कार्तिकेयन २०१२ मध्ये शेवटची एफ-वन रेस चालवून बाहेर पडला. तेव्हापासून एकही भारतीय तिथे नाही. त्या मोहिमेतला तेरा वर्षांचा मुलगा तेवढा २०२२ मध्येही शिडीवर उभा होता.

महाराष्ट्राचं चित्र जास्त चमत्कारिक आहे. पिंपरीत टाटा मोटर्स, आकुर्डी-चाकणला बजाज, चाकणलाच मर्सिडीज आणि महिंद्रा, कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय. गाड्या बनवणं, तपासणं, विकणं हे पुणे परिसराच्या अन्नात आहे. महिंद्राची तर फॉर्म्युला ईमध्ये २०१४ पासून टीम आहे. आणि २०२२ मध्ये या राज्यात सिंगल-सीटर गाड्यांची नॅशनल चॅम्पियनशिप भरवता येईल असं एक कायमस्वरूपी सर्किट नव्हतं. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेत ड्रॅग रेस होतात, त्यात वळणं नसतात. गाडीत बसून रेसिंग शिकायचं असेल तर चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर किंवा कोइम्बतूरचं कारी. पुण्या-मुंबईच्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या टीम वर्षभर वर्कशॉपमध्ये रात्री जागून स्वतःची फॉर्म्युला स्टुडंट गाडी बनवतात, आणि 'फॉर्म्युला भारत'साठी ती ट्रकमध्ये घालून नेतात कुठे, तर कारीला. आपल्याकडे ती गाडी मोकळी पळवायला जागा शोधावी लागते. कॉलेजच्या पार्किंगमध्ये कोन ठेवून टेस्टिंग करणारी पोरं तुम्हीही बघितली असतील.

अपवाद कोल्हापूर. तांबडा-पांढरा आणि तालमी यांच्यापलीकडे कोल्हापूरला गाड्यांचंही वेड आहे, हे पुणेकरांना अनेकदा माहीत नसतं. तिथे मोहिते रेसिंग अकॅडमी आहे, कार्टिंगचा ट्रॅक आहे. ध्रुव मोहिते, चित्तेश मंडोडी यांनी राष्ट्रीय पातळीवर नाव कमावलं. कृष्णराज महाडिक ब्रिटिश एफ-थ्रीपर्यंत पोचला. एका मध्यम शहरातून, एका कुटुंबाच्या हौसेतून इतकं उभं राहू शकतं. सरकारी धोरणात मात्र हा खेळ कुठे बसवायचा हेच ठरलेलं नाही. त्यात कबड्डीचा उत्साह नाही, क्रिकेटची मतं नाहीत. शिवाय वेगात गाडी चालवणं म्हटलं की आपल्याला हेल्मेटसक्ती आणि मध्यरात्री सायलेन्सर काढून फिरणारी टोळकी आठवतात. खरं तर त्या टोळक्यांना रस्त्यावरून उचलून न्यायचं असेल तर न्यायचं कुठे, याचं उत्तर ट्रॅक हेच आहे.

आणखी एक गंमत ऐका. मुंबई फाल्कन्स नावाची टीम आहे, आपल्या मुंबईची. २०२१ मध्ये एफ-थ्री एशियन चॅम्पियनशिपमध्ये ती जेहान आणि बंगळुरूच्या कुश मैनीला घेऊन उतरली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई फाल्कन्सच्या गाडीने फॉर्म्युला रीजनल एशियनचं विजेतेपद मिळवलं. चालवत कोण होतं? आर्थर लक्लेर. ज्याच्या भावाचा लाल गाडीतला फोटो तुमच्या स्टेटसवर होता, तोच आर्थर. नाव मुंबईचं, रेस आखातातल्या, ड्रायव्हर मोनॅकोचा. टीमला नावं ठेवायचं कारण नाही. जिंकायचं तर सर्वांत चांगला ड्रायव्हर घ्यावा लागतो. पण खालून मुंबईचा, नागपूरचा, साताऱ्याचा मुलगा वर यायला जो पहिला टप्पा लागतो, एफ-फोरचा, तो मार्च २०२२ मध्ये भारतात अजून सुरू व्हायचा होता. एफआयएच्या मान्यतेची भारतीय एफ-फोर होणार अशी घोषणा होऊन बराच काळ झाला होता. कोरोनाने मध्ये खोडा घातला हे खरं. ती सुरू झाली की पंधरा वर्षांच्या मुलाला युरोपात बिऱ्हाड न हलवता सुपर लायसन्सचे पहिले गुण इथेच मिळवता येणार होते. चॅम्पियनला १२. फार नाहीत, पण पहिली पायरी घराजवळ असणार होती. जेहानला ती नव्हती. तो लहान वयात इंग्लंडला गेला म्हणून पुढे सरकला. जे गेले नाहीत त्यांची नावं आपल्याला माहीतच नाहीत.

या सगळ्याचं ओझं बहारीनच्या दुसऱ्या नंबरवर टाकणं योग्य नाही, हे मला मान्य आहे. जेहानला देशाचा रेसिंग विभाग चालवायचा नव्हता, त्याला शुक्रवारी एक लॅप नीट मारायचा होता. बहारीनमधून दोन गोष्टी त्याच्या बाजूने निघाल्या. एक म्हणजे नवी टीम, नवे इंजिनीअर असूनही पहिल्याच रेसला तो पोडियमवर होता, म्हणजे गाडीशी त्याचं जमलं होतं. दुसरी म्हणजे हंगाम १४ फेऱ्यांचा होता, आणि पहिल्या वीकेंडला एकही ड्रायव्हर दोन्ही रेस जिंकून पळून गेलेला नव्हता. विरोधात जाणारी गोष्ट एकच, पण तीच जुनी: मोठे गुण रविवारी होते आणि रविवारच्या पोडियमवर तो नव्हता.

दुसरी फेरी लगेच त्याच्या पुढच्या वीकेंडला जेद्दाहला होती. समुद्रकिनाऱ्यालगतचा ट्रॅक, ६ किलोमीटरहून लांब, २७ वळणं, आणि दोन्ही बाजूंना भिंती इतक्या जवळ की चूक करायला जागा नाही. बहारीनसारखं डांबर टायर खाणारं नसल्यामुळे तिथे टायर वाचवण्याच्या कलेचा उपयोग कमी, एका लॅपच्या वेगाचा जास्त. म्हणजे जेहानच्या नावडत्या पेपरची परीक्षा लवकर आली होती. स्प्रिंट शनिवारी २६ मार्चला. त्याच संध्याकाळी वानखेडेवर चेन्नई-कोलकाता सामन्याने आयपीएल सुरू होणार होती, तेव्हा टीव्हीचा रिमोट कुणाच्या हातात असणार होता हे सांगायला नको. फीचर रविवारी. पण ज्यांना खरंच बघायचं होतं त्यांनी शुक्रवारी रात्री क्वालिफाइंगची यादी उघडायची होती. पहिल्या पाचात दारूवाला आहे का ते बघायचं, आणि लगेच त्याखाली किंवा वर हाउगर कुठे आहे तेही बघायचं.